किती देते जी?

"चांगली असती तर टिकली असती."

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे वाक्य पडलं आणि त्याला चौदा अंगठे मिळाले. वाक्य मोठ्या भाऊजींचं, विषय माझी फियाट लिनिया. भाऊजींना भर ग्रुपवर उलट उत्तर देणं आमच्या घरी शोभत नाही, म्हणून इथे लिहितोय. त्यांना लिंक पाठवणार आहेच, आणि ते शेवटपर्यंत वाचतात हेही मला माहीत आहे :)

तर भाऊजी, माझं म्हणणं एवढंच आहे, की लिनिया नापास झाली नाही. तिची परीक्षाच कोणी घेतली नाही. आपण लोक गाडी स्वतःसाठी घेतच नाही. पाच वर्षांनी जो कोणी अनोळखी माणूस ती आपल्याकडून विकत घेईल, त्याच्यासाठी घेतो. त्या माणसाला काय आवडेल, तो किती पैसे देईल, याचा हिशोब करून आपण आपले आठ लाख खर्च करतो. बरं, तो माणूसही त्याच्या पुढच्या माणसाचा विचार करत असतो. म्हणजे ज्याला खरोखर गाडी चालवायची आहे असा इसम या साखळीत कुठेच नाही!

जरा मागून सुरू करतो.

आमच्या लहानपणी चंद्रपुरात चारचाकीची नावं तीनच, जीप, अँबॅसेडर आणि फियाट. जीप जंगलखात्याची, अँबॅसेडर मोठ्या साहेबाची, आणि फियाट डॉक्टरची नाहीतर लाकडाच्या ठेकेदाराची. गडचिरोली 1982 मध्ये वेगळा जिल्हा झाला, तेव्हा तिकडच्या बहुतेक गावांत फियाट दिसणं म्हणजे मुलांनी मागे धावायचा प्रसंग. ही फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला बनायची. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती बनवायची. मुळात ही इटलीतली फियाट 1100 डी, तिकडे 1962 मध्ये आलेली. तिकडच्या साध्या नोकरदार कुटुंबाची गाडी. आपल्याकडे ती सालोसाल तशीच बनत राहिली, 1970 च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं आणि 2000 सालाच्या आसपास ती बंद झाली. मधल्या काळात इटलीत गाड्यांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या! इथे मात्र लोक नंबर लावून बसायचे आणि गाडी मिळाली की पेढे वाटायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा आपल्या याच ग्रुपवर रडके चेहरे पडले होते. त्यात भाऊजींचेही दोन होते, मी मोजले.

म्हणजे दुसरं काही मिळतच नव्हतं तेव्हा तीन-चार दशकं जुन्या नमुन्याचं आपण कौतुक केलं. आणि त्याच कंपनीने जगात नुकतीच आलेली गाडी दोन-सव्वादोन वर्षांत आपल्या दारात आणली, तेव्हा पहिला प्रश्न आला, "रिसेल काय आहे?"

लिनिया पहिल्यांदा दाखवली गेली इस्तंबूलला, 2006 मध्ये. तुर्कस्तानात बुर्साला 2007 पासून बनू लागली, नंतर ब्राझीलमध्ये. ग्रांडे पुंतोच्या पायावर उभी केलेली, पण अंगाने मोठी, साडेचार मीटरपेक्षा लांब. जानेवारी 2009 मध्ये ती आपल्याकडे आली. कारखाना आपल्या पुण्याजवळ, रांजणगावला, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला. इथे भाऊजींचा दुसरा मुद्दा येतो, की ही इटालियन कुठली, ही तर तुर्की! खरं आहे. डिकीवाली गाडी इटलीत फारशी कोणी घेत नाही. तुर्कस्तान, ब्राझील, भारत अशा देशांसाठीच ती काढली होती. पण मला सांगा, खड्डे, उन्हाळा आणि पाच माणसं अधिक सामान हे डोक्यात ठेवून काढलेली गाडी चंद्रपूरला जास्त उपयोगाची, की मिलानच्या गुळगुळीत रस्त्यासाठी काढलेली?

आणि आमचे रस्ते! ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रपूरहून राजुरा-गडचांदूरकडे गेलात की कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक. त्यांनी दाबून दाबून डांबराच्या अशा वळ्या केलेल्या असतात, की हलकी गाडी रुळावर चढल्यासारखी नाचते. गडचिरोलीच्या पलीकडे आष्टी, आलापल्ली, सिरोंचा हा रस्ता कित्येक वर्षं रस्ता म्हणावा अशा अवस्थेत नव्हता. आणि चंद्रपूर-मूल रस्त्यावर लोहाऱ्याचं जंगल लागलं की अंधारात कधी रोही आडवी येईल, कधी रानडुकरांची रांग, सांगता येत नाही. या रस्त्यावर मी लिनिया घेऊन अनेकदा गेलोय. तिचं स्टिअरिंग हाताला जड लागतं, पण ताशी ऐंशीला ते हातात घट्ट बसतं. खड्ड्यात चाक गेलं तर आवाज येतो, दणका येत नाही. एकदा लोहाऱ्याजवळ पूर्ण वाढलेला रोही दिव्यांच्या उजेडात येऊन उभाच राहिला. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही भाच्या होत्या. एबीएस असलेली गाडी काय असते ते त्या पाच सेकंदांत कळलं. रोही निघून गेला आणि आई म्हणाली, "चहा घेऊ कुठेतरी." त्या रात्री मला कोणी रिसेल विचारली नाही.

आता इंजिनाची गंमत. इथे मला खरा राग येतो, तेव्हा थोडं सबुरीने घ्या.

डिझेलच्या गाड्या पूर्वी ट्रॅक्टरसारख्या खडखडायच्या. ते बदललं कॉमन रेल तंत्राने. प्रवासी गाड्यांसाठी हे तंत्र मुख्यतः फियाटच्या संशोधन केंद्रांतून आणि तिच्या मॅग्नेती मारेल्ली या कंपनीतून उभं राहिलं. नंतर पैशांच्या अडचणीत फियाटने त्याचे हक्क बॉशला देऊन टाकले. (स्वतःची चांगली वस्तू स्वतः विकता न येणं हा या कंपनीचा जुनाच आजार.) 1997 ची अल्फा रोमिओ 156 ही या तंत्राची पहिली प्रवासी गाडी. मग 2003 मध्ये छोटं 1.3 लिटरचं मल्टीजेट आलं. जगभर त्याचं कौतुक झालं, 2005 मध्ये आपल्या गटात ते वर्षाचं सर्वोत्तम इंजिनही ठरलं. हेच इंजिन मारुतीने परवान्याखाली मानेसरला बनवायला घेतलं आणि 2007 च्या सुरुवातीला स्विफ्ट डिझेल आली. मग डिझायर, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटांच्या इंडिका विस्टात आणि मान्झातही तेच. गाड्यांवर लिहिणारे लोक त्याला गमतीने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे.

म्हणजे भाऊजी, तुमच्या डिझायरच्या पोटात फियाटच आहे. तुम्ही दहा वर्षं जी "इंजिन एकदम मख्खन" म्हणून सांगत आलात, ती कौतुकं तुरीनला पोचवायला हवी होती. लिनियात तेच 1248 सीसीचं इंजिन, फक्त वेगळ्या टर्बोमुळे 93 पीएस ताकदीचं. स्विफ्टमध्ये 75. माझ्या गाडीचं बॉनेट उघडून आमच्या तुकूमच्या मिस्त्रीने पहिल्यांदा आत पाहिलं तेव्हा तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे साहेब, हे तर आपल्या स्विफ्टचंच आहे ना जी! तुम्ही काऊन घाबरून राहिले?" घाबरलेला मी नव्हतो. बाकी सगळे होते.

त्याच दिवसांत विदर्भातल्या एका शोरूममध्ये (नाव घेत नाही) मी लिनिया पाहायला गेलो. विक्रीला बसलेल्या पोराने मला ती दाखवलीच नाही, कोपऱ्यात धूळ खात होती. "ती नका पाहू सर, मार खाल." ज्याच्या पगारात ती गाडी विकण्याचं काम येतं तोच असं म्हणतो! मी चालवून पाहायची म्हटलं तर गाडीत डिझेल नव्हतं. शेवटी दुसऱ्या शोरूममध्ये जाऊन 2010 च्या डिसेंबरमध्ये घेतली.

फियाट धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. 1996 च्या सुमारास फियाट उनो आली तेव्हा लाखो लोकांनी बुकिंगचे पैसे भरले, पुढे कारखान्यात संप झाला आणि बहुतेकांना गाडी मिळालीच नाही. ती आठवण घराघरांत राहिली. 2001 च्या पॅलिओला सचिनला घेऊन आले, गाडी दणकट होती, पण पेट्रोल पिते असा शिक्का बसला तो बसलाच. लिनियातही चुका होत्या. 1.4 लिटरचं 90 पीएसचं पेट्रोल इंजिन तेवढ्या वजनाला कमीच पडायचं. त्यावर उतारा असलेली टी-जेट, 114 पीएसची, चारही चाकांना डिस्क ब्रेक, ती 2010 मध्ये आली. तोवर लोकांनी मत बनवून टाकलं होतं. मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे अडतात. डावा पाय टेकवायला जागा नाही. डिझेलला दोन हजार फेऱ्यांच्या खाली जीव नाही, गर्दीत चिडचिड होते. हे सगळं मी पंधरा वर्षं सोसलंय, मला कोणी सांगायला नको. 2012 मध्ये टाटांच्या दुकानांतून वेगळं व्हायचं ठरवलं, स्वतःची दुकानं काढली, 2014 मध्ये गाडी थोडी उंच केली, चेहरा बदलला. उशीर झाला होता.

पण पाहा, यातली एकही तक्रार मला आमच्या नातेवाईकांकडून कधी ऐकायला मिळाली नाही! गुडघ्यांबद्दल कोणी बोललं नाही, कारण मागे कोणी बसूनच पाहिलं नव्हतं. पंधरा वर्षांत वरोऱ्यापासून आरमोरीपर्यंत मला दोनच प्रश्न आले. पहिला, "किती देते जी?" दुसरा, "विकली तर किती येतील?" (देते हो. गावात पंधरा, मोकळ्या रस्त्यावर अठरा-एकोणीस.)

इथे एक माणूस मी बाजूला काढतो. सिंदेवाहीकडचा माझा मित्र, धानाची शेती, वर्षभराची कमाई एका पावसावर. त्याने गाडी घेताना रिसेलचा विचार केला तर ती चैन नाही, ती त्याची अडीअडचणीची पुंजी आहे. मुलीचं कॉलेज निघालं तर ती गाडी उद्या विकावी लागेल. आणि मोठं काम निघालं तर दीडशे किलोमीटरवरचं नागपूर त्याला परवडत नाही, एक दिवसाची मजुरी आणि एक दिवसाचं भाडं जातं. त्याचा हिशोब बरोबर आहे, त्याला माझा सलाम. पण आमच्या ग्रुपवरच्या चौदा अंगठ्यांपैकी दहा जण पक्क्या पगाराचे नाहीतर पेन्शनचे, काहींचे नागपुरात प्लॉट. त्यांना कसली भीती होती? गाडीची नव्हतीच. "फियाट घेतली? वेडा आहे का?" असं चार लोक म्हणतील याची होती. गरिबाची सावधगिरी उसनी घेऊन आपला भित्रेपणा झाकायचा, आणि त्याला नाव द्यायचं व्यवहार!

आणि आता भाऊजी, खास तुमच्यासाठी. लिनिया 2019 च्या सुमारास बंद झाली, 1.3 मल्टीजेटही बीएस-6 नियम आल्यावर 2020 मध्ये गेलं. पण रांजणगावचा कारखाना बंद पडला नाही. 2017 पासून तिथे जीप कंपास बनते. तिच्यात दोन लिटरचं मल्टीजेट डिझेल आहे, म्हणजे फियाटचंच घराणं. तिच्या सांगाड्याचं मूळही ग्रांडे पुंतोच्या कुळात निघतं. मागच्या दिवाळीला धाकट्या साडूंनी ती वीस लाखांच्या वर देऊन घेतली, तेव्हा ग्रुपवर तुमचा मेसेज होता, "वा! अमेरिकन गाडीची बातच वेगळी."

मी तेव्हा काही बोललो नाही, फक्त अंगठा दिला.

असो. माझ्या गाडीला 2025 मध्ये पंधरा वर्षं झाली. पर्यावरण कर भरला, आरटीओत तपासणी करून घेतली, नोंदणी पाच वर्षं वाढवून मिळाली. तपासणाऱ्या साहेबांनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाले, "पत्रा चांगला आहे." एवढंच म्हणाले, किती देते ते विचारलं नाही. क्लच प्लेट पुण्याहून कुरिअरने मागवली, आठ दिवसांत आली, तुकूमलाच बसवली. आता फक्त डावा हेडलॅम्प हवा आहे, 2014 च्या आधीच्या मॉडेलचा. एका माकडाने फांदी टाकली त्यावर. पुणे-नाशिककडच्या मंडळींपैकी कोणाला भंगारात नीट अवस्थेतला दिसला तर खाली कळवा, भाव तुम्ही म्हणाल तो.