संसाराचा हिशेब : गाडी थरथरली म्हणून लगेच इंजिन उघडू नका



गेल्या पावसाळ्यात माझा भाचा पतसंस्थेचा कर्जाचा फॉर्म घेऊन घरी आला. “मामा, जामीन म्हणून तुमची सही पाहिजे,” म्हणाला. रक्कम होती 18,000 रुपये. कारण काय, तर गाडीचे इंजिन.

हा भाचा राजूर, कोतूळ, समशेरपूर, ब्राह्मणवाडा अशा आठवडेबाजारांत तयार कपड्यांचे दुकान मांडतो. त्यासाठी त्याने एक जुनी ओम्नी घेतली आहे. गाडी रस्त्याने बरी पळायची. पण उभी केली की थरथर कापायची, आचके द्यायची आणि कधी कधी बंदच पडायची. गॅरेजवाल्याने मिनिटभर कान लावला आणि निकाल दिला, “इंजिन उघडावे लागेल.”

मी पेशाने कारकून. गाडीतले मला फारसे कळत नाही. पण तेरीज जुळली नाही म्हणून आपण नवी खतावणी विकत आणत नाही. आधी बेरजा तपासतो, मग नोंदी. म्हणून सही करण्यापूर्वी मी एवढेच विचारले, “काय काय तपासले?” भाच्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्या शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. रविवारी सकाळी गाडी त्यांच्या दारात नेली. त्यांनी जे समजावून सांगितले, ते अनेक घरांच्या उपयोगाचे आहे.

इंजिनाला चार गोष्टी लागतात : योग्य हवा, योग्य पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. पहिल्या तीन गोष्टींतला दोष बहुधा थोडक्या पैशात निघतो. चौथ्यासाठी मात्र इंजिन खोलावे लागते. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करावी.

काकांनी आधी विचारले, “गाडी कधी थरथरते? उभी असताना, की चढावर ओझे ओढतानाही?” भाचा म्हणाला, “उभी असतानाच. रेस दिली की थांबते.” काका म्हणाले, “मग आधी हवा बघू.” गाडी उभी असताना हवेचा दरवाजा, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ बंद असतो आणि इंजिन आत जोराने ओढ घेते. अशा वेळी एखादा रबरी पाइप चिरलेला असेल, तर तेथून चोरून हवा आत शिरते आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते. रेस दिल्यावर मुळातच पुष्कळ हवा आत येते. त्यात ही चोरटी हवा जाणवत नाही.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून गाडी चालू केली, तर बारीक ‘सूं’ असा आवाज येत होता. काकांनी साबणाचे पाणी वायरी आणि प्लग सांभाळून एकेका पाइपवर शिंपडले. एका पाइपवर पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला. पाइप वाकवला, तर खालच्या बाजूने बोटाएवढी चीर! काही जण ही परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. तसे कदापि करू नये. गरम इंजिनावर भडका उडतो.

मग इंजिन थंड झाल्यावर प्लग काढले. प्लगच्या टोकाचा रंग बोलका असतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळते. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही. तेलकट असेल तर ऑइल आत येते, आणि ती मात्र खर्चाची सूचना. आमचे दोन बरे होते, एक ओला होता. या इंजिनाला तीनच सिलिंडर. त्यातला एक रुसला की एक तृतीयांश ताकद गेली. गाडी कापणार नाही तर काय! प्लगची अदलाबदल करून पाहावी. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला, तर प्लगच खराब. जागेवरच राहिला, तर वायर किंवा पुढचे काही.

एवढ्याने भागले नाही, तर एअर फिल्टर आणि थ्रॉटलवरचा कार्बन साफ करावा. इंजिनाचा दिवा पेटलेला असेल, तर मशीन लावून कोड पाहावा. गाडीचा आवाज एकसारखा, पण सांगाडा हादरत असेल, तर इंजिनाखालची रबरे बसलेली असतात. आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून आपल्याकडच्या पावसात गाडी तळाला गेलेल्या टाकीनिशी आठ-आठ दिवस उभी ठेवू नये.

दोन सूचना भगिनींसाठी आणि मुलांसाठीही. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नये. तिच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. चालू इंजिनावर ओढणी किंवा पदर सोडून वाकू नये.

आमचा खर्च ऐका. पाइप 80 रुपये, तीन प्लग 360 रुपये. एकूण 440. काकांनी मजुरी घेतली नाही, चहा तेवढा घेतला.

गॅरेजवाला लबाड होता, असे मी म्हणत नाही. त्याने घाईत अंदाज बांधला आणि आम्ही कारण न विचारता मान डोलावली. तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून ते खरोखर कमी निघाले असते, तर मी त्याच दिवशी सही केली असती. कारण ओम्नी 2019 मध्ये बंद झाली. आज चालतात त्या सगळ्या वय झालेल्याच आहेत आणि काहींची इंजिने झिजलेलीही असतात.

तेव्हा गॅरेजात गेल्यावर भांडू नका, पण चार गोष्टी विचारा. काय तपासले? कॉम्प्रेशन किती आले? जुना भाग परत देणार ना? आणि बिल मिळेल ना? प्रामाणिक कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही.

भाचा आता नेमाने बाजार करतो आहे. तो कोरा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. त्याच्या मागच्या बाजूला मी हा 440 रुपयांचा हिशेब लिहून ठेवला आहे.