घाम तिचा, दस्तऐवज त्याचा



वकिली व्यवसायात माझा रोज कागदांशी संबंध येतो. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सातबाऱ्याचा उतारा. या कागदांवर नावे असतात, चतुःसीमा असतात, आकार असतो. परंतु त्या जमिनीतले दगड कोणी वेचले, भांगलण कोणी केली, बांधावर झोळीत मूल निजवून कापणी कोणी केली, याविषयी एक अक्षरही नसते. न्यायालयापुढे कागद जातो, घाम जात नाही. हा प्रकार केवळ आपल्याच देशात घडतो, असे मात्र समजू नये. ज्या कॅनडा देशाला आपण सुधारलेला म्हणतो, तेथील शेतकरी स्त्रीची हकीकत आज मी आपणांपुढे ठेवीत आहे. ती परक्यांची वाटली तरी शेवटपर्यंत वाचावी, अशी माझी विनंती आहे.

कॅनडाच्या पश्चिमेस मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि आल्बर्टा या प्रांतांत अफाट माळराने आहेत. ती निर्जन मुळीच नव्हती. तेथील मूळच्या जमातींशी १८७१ ते १८७७ या काळात तह करून त्यांना राखीव क्षेत्रांत लोटण्यात आले आणि उरलेली जमीन सरकारने वसाहतीसाठी खुली केली. १८७२ चा कायदा व त्याच्या पुढील दुरुस्त्या यांनुसार दहा डॉलर फी भरणाऱ्या पुरुषाला १६० एकर जमीन मिळे. तीन वर्षे त्याने तेथे वस्ती करावी, घर बांधावे, काही एकर जमीन लागवडीस आणावी, म्हणजे ती त्याच्या मालकीची होई. स्त्रीला हा हक्क नव्हता. ती कुटुंबाची एकटी कर्ती असेल, म्हणजे बहुधा लेकुरवाळी विधवा असेल, तरच तिचा अर्ज घेतला जाई. नवरा जिवंत असेतोवर स्त्रीच्या हातात जमीन कसण्याची शक्ती आहे, पण ती धारण करण्याची पात्रता नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय?

१८९६ ते १९०५ या काळात क्लिफर्ड सिफ्टन हे त्या देशाचे अंतर्गत व्यवहार मंत्री होते. पूर्व युरोपातील शेतकऱ्यांना या माळरानांवर आणण्याचे धोरण त्यांनी चालविले. पुढे १९२२ साली एका नियतकालिकात त्या धोरणाचे समर्थन करताना त्यांनी सांगितले की, मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, पिढीजात शेती करणारा धट्टाकट्टा शेतकरी हा चांगल्या प्रतीचा माणूस होय. आणि त्याच्याबरोबर दणकट बायको व अर्धा डझन मुले असावीत, हे नमूद करण्यासही ते विसरले नाहीत. म्हणजे बायको आली ती बैलजोडी आणि अवजारे यांच्या पंक्तीला! तिच्या दणकटपणाची सरकारला गरज होती. तिच्या नावाची नव्हती.

अशा कुटुंबांत युक्रेनी कुटुंबे पुष्कळ होती. तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील गॅलिशिया आणि बुकोविना या भागांतून १८९१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे १,७०,००० युक्रेनी माणसे कॅनडात आली. त्यांच्या वाडवडिलांनी १८४८ पर्यंत जमीनदाराच्या शेतावर वेठ केली होती. वेठीची आठवण ज्यांच्या घरात ताजी आहे, त्यांना स्वतःच्या जमिनीचे मोल काय वाटले असेल, हे आपल्याला निराळे समजावून सांगावयास नको.

या कुटुंबांतील स्त्रीचे जीवन कसे होते? पहिल्या हिवाळ्यात जमिनीत खड्डा खणून, त्यावर लाकडे व गवताळ मातीच्या ढेपा रचून केलेल्या निवाऱ्यात ती लेकरांसह राही. रोख पैशासाठी पुरुष रेल्वेच्या कामावर, खाणीत किंवा दुसऱ्याच्या शेतावर महिनोन्महिने जात. बाहेर सारे गोठून गेलेले, शेजारी लांब अंतरावर आणि भाषा परकी. अशा स्थितीत मुळ्या उपटून जमीन साफ करणे, दगड वेचणे, कुदळ-फावड्याने वाफे खणून बटाटा, कोबी, बीट आणि लसूण लावणे, गाय राखणे, औषधी मुळ्या खणून त्या दुकानदारास विकणे ही कामे तिची असत. माती, पेंढा आणि शेण पायांनी तुडवून भिंती लिंपण्याचे कामही तिचेच. हे लिंपण आपल्या आयाबहिणींना ओळखीचे आहे. अंगणातील मातीच्या भट्टीत ती आठवड्याचा पाव भाजी. बाळंतपण शेजारणीच्या हातून होई आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा शेतात असे. तीन वर्षांनी जमिनीचे मालकीपत्र येई, ते नवऱ्याच्या नावाने. पुढे सामान्यतः जमीन मुलांकडे जाई आणि मुली सासरी जात.

या तिन्ही प्रांतांत १९१६ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९१७ साली आल्बर्टात असा कायदा झाला की, राहते घर व त्याभोवतीची शेती पत्नीच्या संमतीवाचून नवऱ्याला विकता येणार नाही. हे पाऊल मोठे होते, यात शंका नाही. तथापि विक्रीला नकार देण्याचा हक्क आणि मालकीचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या किती भिन्न, हे अर्ध्या शतकानंतर आयरीन मर्डॉक हिच्या दाव्याने जगाला दाखविले.

आयरीन ही आल्बर्टातील पशुपालक शेतकऱ्याची पत्नी. तिचे लग्न १९४३ साली झाले. सुमारे पंचवीस वर्षे तिने नवऱ्याबरोबर कष्ट केले. नवरा नोकरीनिमित्त वर्षातील पाच-पाच महिने बाहेर असे. तेव्हा सारा कारभार तीच पाही. आपण गवत कापले, ट्रॅक्टर व मालमोटारी हाकल्या, घोडे वठणीवर आणले, गुरांना डाग दिले, लसी टोचल्या, पुरुष करील ते सर्व काम केले, असे तिने न्यायालयात सांगितले. १९६८ साली जमीन विकण्यास तिने संमती नाकारली, भांडण विकोपास गेले, जबडा मोडलेल्या अवस्थेत ती इस्पितळात दाखल झाली आणि संसार तुटला. तिने जमिनीत हिस्सा मागितला. खालच्या न्यायालयाने म्हटले की, तिने केले ते कोणत्याही पशुपालकाची बायको करतेच. त्यातून हिस्सा उत्पन्न होत नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक मताने तेच कायम केले. सर्वच स्त्रिया राबतात म्हणून एकीच्याही राबण्याला किंमत नाही, असे हे तर्कशास्त्र! वेठीचे समर्थन यापेक्षा निराळे कधी होते?

विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती बोरा लास्किन यांचे होते. ते स्वतः रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले. या स्त्रीचे योगदान असाधारण आहे आणि नवऱ्याने एकट्याने ते गिळंकृत करणे न्याय्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या निकालाने देशभर स्त्रिया खवळून उठल्या. ऑन्टॅरिओत १९७८ साली, तर आल्बर्टात १९७९ च्या प्रारंभापासून पती-पत्नींच्या संपत्तीच्या वाटणीचे नवे कायदे अमलात आले. लास्किन यांचे एकाकी मत काही वर्षांतच देशाचा कायदा झाले.

परंतु हकीकत येथे संपत नाही. रोझा बेकर ही युरोपातून आलेली स्त्री. लोथार पेटकस याच्यासह ती विवाहाविना संसार करीत होती. तिच्या पगारातून घरखर्च भागे, त्याचा पगार बँकेत साठे. त्या शिलकीतून १९६१ साली क्वेबेकमध्ये शेत घेतले गेले, ते त्याच्या एकट्याच्या नावावर. तेथे दोघांनी मधमाश्यापालनाचा धंदा उभारला. सुमारे चौदा वर्षे ती त्यात राबली. वेगळे झाल्यावर खालच्या न्यायालयाने तिला काय दिले? मधमाश्यांविना चाळीस पेट्या आणि पंधराशे डॉलर! अपिलात तिला निम्मा हिस्सा मिळाला आणि १९८० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. हा निकाल आजही कायद्याच्या पुस्तकांत मानाने सांगितला जातो. प्रत्यक्षात अंमलबजावणीत वर्षे गेली, जे थोडे हाती आले ते वकिलांच्या फीत गेले आणि १९८६ साली रोझाने आपले जीवन संपविले. माझ्या व्यवसायबंधूंनी हे वाक्य मान खाली घालून वाचावे.

आता कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडील या स्त्रियांशी आपला संबंध काय? संबंध कायद्याचा आहे. आपण धर्मांतर केले तरी १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यानुसार पतीच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई समान वारस होतात. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. परंतु पती हयात असता, त्याच्या नावावरील ज्या शेतात पत्नी राबते त्या शेतात आपोआप हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्रात नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने विवाहानंतर संपत्ती सामान्यतः दोघांची निम्मी-निम्मी मानली जाते. आपल्याकडे तसे नाही. हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा त्याग केला, तो स्त्रीच्या या हक्कांसाठीच. असे असता वडिलांच्या दिवसकार्यानंतर आपल्याच घरातील बहीण हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करते आणि आपण तिला ‘समजूतदार’ म्हणतो, ही कोणती समता? १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात ज्या स्त्रिया तुरुंगात गेल्या, त्यांच्या लेकी-सुनांची नावे आज किती उताऱ्यांवर आहेत?

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. ज्यांच्याकडे दोन गुंठेही जमीन आहे, त्यांनी तलाठ्याकडून उतारा आणून घरात सर्वांसमक्ष वाचावा आणि पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्यासाठी अर्ज करावा. नवी जमीन वा घर घेताना खत दोघांच्या नावे करावे. बहिणीची सही घेण्यापूर्वी तिला तिचा हिस्सा किती, हे आकड्यांत सांगावे. मग ती काय ते ठरवील. आणि भगिनींनो, वाचल्यावाचून कोणत्याही कागदावर सही करू नका. आयरीनला न्यायासाठी न्यायालयात जावे लागले, रोझाला न्यायालयात जिंकूनही तो लाभला नाही. आपल्या घरातील स्त्रीला तो मिळण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.