बेओवुल्फ आणि तीन रकान्यांचे कोष्टक

‘बेओवुल्फ’ शिकवण्याची एक रीत आता इतकी रूढ झाली आहे की तिच्याविषयी कोणाला शंकाही येत नाही. फळ्यावर तीन राक्षस मांडायचे: ग्रेन्डेल म्हणजे मत्सर, त्याची आई म्हणजे सूड आणि ड्रॅगन म्हणजे लोभ. समोर नायकाचे गुण लिहायचे: बळ, धैर्य, स्वामिनिष्ठा. शेवटी सत्प्रवृत्तीचा विजय जाहीर करून चॉसरकडे वळायचे. विद्यार्थी हे कोष्टक पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि एका महाकाव्याशी आपला परिचय झाला असे समजतात. माझे म्हणणे असे की, या रीतीने काव्य सोपे होत नाही. काव्याने जे सांगितले त्याच्या उलटच विद्यार्थ्याच्या पदरात पडते.

आधी शब्द पाहू. ग्रेन्डेलसाठी आणि ड्रॅगनसाठी कवी पुनःपुन्हा ‘आग्लॅचा’ हा शब्द योजतो. त्याच शब्दाने तो सिगेमुंड या दंतकथेतल्या वीरालाही संबोधतो. आणि अखेरच्या युद्धात बेओवुल्फ व ड्रॅगन परस्परांना भिडतात तेव्हा दोघांना मिळून हाच शब्द अनेकवचनात येतो. फ्रेडरिक क्लेबर यांच्या 1922 च्या मान्यवर आवृत्तीतील शब्दसूचीने काय केले? राक्षसाच्या बाबतीत अर्थ दिला ‘दुरात्मा, पिशाच’. नायकाच्या बाबतीत ‘योद्धा, वीर’. टोरांटोच्या प्राचीन इंग्रजी कोशाने पुढे ‘धाक वाटावा असा प्रतिस्पर्धी’ या अंगाने जाणारा अर्थ दिला, तो सर्वांना लागू पडतो. आणि गंमत अशी की, अकराव्या शतकाच्या आरंभी बर्टफर्थ नावाच्या भिक्षूने हेच विशेषण पूज्य बीड या महापंडिताला लावले आहे, तेही शिक्षक म्हणून! तेव्हा नायक आणि राक्षस यांच्यातली ती जाड रेघ कवीची नाही. ती शब्दसूचीत ओढली गेली आणि आपण ती फळ्यावर गिरवतो आहोत.

या रेघेचा सर्वांत मोठा बळी म्हणजे ग्रेन्डेलची आई. तिचा मुलगा मारला गेला आहे, आणि त्याचा तोडलेला हात हेओरोटच्या दरबारात विजयचिन्ह म्हणून मिरवला जातो आहे. ती रात्री येते, ह्रोथगारचा आवडता सल्लागार ॲशेरे याला मारते आणि मुलाचा हात परत घेऊन जाते. एका जिवाच्या बदल्यात एक जीव! त्या समाजात सूड हा दुर्गुण नव्हता, ते कर्तव्य होते. शोक करत बसण्यापेक्षा मित्राचा सूड घेणे श्रेयस्कर, हे तत्त्व खुद्द बेओवुल्फ दुसऱ्याच दिवशी ह्रोथगारला ऐकवतो. मग तेच कृत्य नायकाच्या रकान्यात ‘निष्ठा’ आणि आईच्या रकान्यात ‘सूड’ कसे होते? कवी तिला ‘इदेस’ म्हणतो. हा शब्द राण्यांसाठीही येतो. ह्रोथगारने राज्य केले 50 वर्षे, बेओवुल्फने 50 वर्षे, आणि तिने आपले जळराज्य राखले तेही 50 वर्षे. हा आकडा तिघांच्या वाट्याला योगायोगाने आला असेल का?

यावर काही आधुनिक मंडळी कोष्टक उलटे करतात. जॉन गार्डनर यांच्या 1971 च्या कादंबरीत ग्रेन्डेल स्वतःच कथा सांगतो, आणि ती वाचून ‘खरा राक्षस माणूसच’ असे म्हणण्याची फॅशन निघाली. हेही मला मान्य नाही. ग्रेन्डेल 12 वर्षे झोपलेली माणसे खातो, आणि त्यांच्या जिवांची भरपाई देऊन तडजोड करायला तो तयार नाही, हे कवी स्पष्ट नोंदवतो. तो कायद्याबाहेर आहे. त्याची आई कायद्याच्या आत आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, आणि कोष्टक सुलटे असो वा उलटे, त्यात तो मावत नाही.

टॉल्किन यांनी 1936 च्या व्याख्यानात राक्षसांना काव्याच्या केंद्रस्थानी आणले. तोवर विद्वान या काव्याकडे इतिहासाची खाण म्हणून पाहत होते. पण त्या व्याख्यानाचे अर्धेच आपण उचलले. राक्षस घेतले, माणसाचा पराभव अटळ आहे, हे सोडून दिले. काव्याचा शेवट पाहा. पेला चोरीला गेल्यामुळे ड्रॅगन खवळतो. वृद्ध राजा त्याच्याशी एकट्याने लढण्याचा हट्ट धरतो. सोबती पळतात, एकटा विग्लाफ धावून येतो. ड्रॅगन मरतो, राजाही मरतो. एकाच्या इच्छेपायी अनेकांना दुःख भोगावे लागते, असे विग्लाफच म्हणतो. आता स्वीड आणि फ्रँक चालून येणार, या भयाने गीट लोक ग्रासतात. आणि ज्या खजिन्यासाठी एवढे घडले तो पुन्हा मातीत पुरला जातो, माणसांना पूर्वीइतकाच निरुपयोगी. 3182 ओळींच्या या काव्याचा शेवटचा शब्द ‘कीर्तीसाठी सर्वांत आतुर’ अशा अर्थाचा आहे. धार्मिक गद्यात तोच शब्द दोषाचा. ही स्तुती की टीका? या प्रश्नावर एक तास सहज खर्च करावा.

‘नवख्या विद्यार्थ्यांना एवढी गुंतागुंत कशाला?’ असे विचारले जाईल. पण ही गुंतागुंत समीक्षकांनी लादलेली नाही. ती कथेतच आहे. एका मृत्यूबदल्यात एक मृत्यू, हे गणित कोणालाही कळते. ‘युगान्त’ वाचून पांडवांच्या विजयाकडे संशयाने पाहायला शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला तर ते अधिकच कळावे.

एखाद्याला राक्षस ठरवले की त्याच्या बाजूने न्यायाचा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. ही सोय साहित्याच्या वर्गात शिकवली जाऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे. 1731 च्या आगीतून या काव्याचे एकमेव हस्तलिखित होरपळून का होईना, वाचले. ते आता आपल्या नोट्समधूनही वाचले पाहिजे.