यंत्राला पाठ नसते

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सकाळचे सव्वासात वाजलेले. ह्यांचा डबा, धाकटीची वेणी, कुकरची तिसरी शिट्टी, आणि नेमका माझा मोबाईल गायब! सगळं घर पालथं घातलं. शेवटी सापडला तो मसाल्याच्या फळीवर, हळदीच्या डब्याला रबर लावून उभा केलेला. आमचे सातवीतले चिरंजीव ओट्याच्या आड दबा धरून बसलेले. "आई, तू नुसता मिक्सर लाव. इकडे बघू नकोस. शूटिंग चालू आहे!"

रागवायची सोय नव्हती, कारण हे खूळ त्याच्या डोक्यात घालणारी मीच.

आमच्या नगरला (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडातून अजून 'नगर'च निघतं) मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. चिरंजीव माझ्याच वर्गात, शाळेत मला 'बाई' म्हणतात आणि घरी येऊन माझ्याच तक्रारी मला सांगतात. 'यंत्रं आली आणि माणसाचं काम बदललं' या विषयावर मुलांकडून दरवर्षी प्रकल्प करून घ्यायचा असतो. दरवर्षी तेच वाफेचं इंजिन, तीच इंग्लंडमधल्या कापडगिरणीची चित्रं, तेच उतारे उतरवून काढलेले. यंदा मी म्हटलं, पुरे झालं इंग्लंड. पाच-पाच जणांचे गट करा, घरातला एक मोबाईल मागून घ्या आणि आपल्या घरात, आपल्या आळीत यंत्रानं काय बदललं त्याचा तीन मिनिटांचा सिनेमा करून आणा.

मुलं जी सुटली म्हणता! पहिला बळी आमच्या सासूबाईंचा गेला.

सासूबाई पारनेर तालुक्यातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात जातं होतं. पुढं गावात डिझेलवरची पिठाची गिरण आली. नातवानं मोबाईल समोर धरला आणि मी मोठ्या हौसेनं म्हटलं, "आई, जात्यावरच्या ओव्यांबद्दल सांगा ना! गिरण आली आणि ओव्या गेल्या, वाईट वाटलं असेल नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच गप्प झाले. "ओव्या ऐकणाराला गोड लागतात गं. दळणारीला पहाटे चारला उठावं लागायचं. गिरणीची पुकपुक पहिल्यांदा ऐकली, त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली."

"मग वाचलेल्या वेळात काय केलंत?" चिरंजीवांनी विचारलं. हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता हो!

"काय करणार? बहात्तरचा दुष्काळ पडला. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. सुकडी मिळायची तिथं."

एवढं बोलून त्या भाजी निवडायला लागल्या. मी मात्र विचारात पडले. त्या ओव्यांचं मोल कमी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज वाचायला-ऐकायला मिळतात. पण गाणं गोड होतं म्हणून दळण हलकं होतं असं नाही, आणि दळण सुटलं म्हणून बाई मोकळी झाली असंही नाही.

दुसऱ्या गटातल्या मुलीची आजी तोफखान्याकडे विड्या वळते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, असं दिवसभर. मुलीनं विचारलं, "आजी, तुझ्या कामाला यंत्र का नाही आलं?" आजी हसली. "आमचे हात यंत्रापेक्षा स्वस्त पडतात, बाळा!" अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक याहून निराळं काय सांगणार?

आता आमच्या घरचा सिनेमा. त्याचं नाव 'आईची यंत्रं'. मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर, इस्त्री, शिलाई मशीन. पोरानं घड्याळ लावून हिशोब काढलेला: मिक्सर चालतो दोन मिनिटं, भांडं धुवून, पुसून, पातं वाळवून ठेवायला जातात पाच. शेवटी त्याचा आवाज येतो, "आमच्या घरात यंत्रं सहा आहेत. ती चालवणारं माणूस एकच आहे."

ह्यांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी आपणहून वॉशिंग मशीन लावलं. पांढरे शर्ट गुलाबी होऊन निघाले तो भाग निराळा!

चेष्टा सोडा, पण तुम्हीही आठवून पाहा. पाटा-वरवंटा होता तेव्हा एक चटणी पुरत होती. मिक्सर आला आणि डोसा, दोन चटण्या, पुन्हा ज्यूस. कपडे हातानं धुवायचो तेव्हा चादरी पंधरवड्यानं निघत, आता आठवड्याला. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली यावर अख्खं पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घरात यंत्रं आली तशी पुरुषांची, मुलांची, नोकरांची कामं कमी झाली, गृहिणीची अंगमेहनत घटली, पण कामाचे तास काही तसे घटले नाहीत. अपेक्षा वाढल्या आणि त्या सगळ्या तिच्या एकटीच्या गळ्यात पडल्या. अमेरिकेतली बाई आणि नगरची बाई, ओटा तेवढा वेगळा!

काही पालकांनी मला विचारलंच, "बाई, अभ्यास सोडून हे सिनेमाचं काय काढलंत?" त्यांना मी सरस्वतीबाई फाळक्यांची गोष्ट सांगितली. दादासाहेब फाळके आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. सिनेमासाठी पैसे उभे करायचे, तर लोकांना खात्री कशी पटवायची? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप कसं उगवतं ते पडद्यावर दाखवलं. कॅमेरा त्यांनी १९१२ साली लंडनहून आणला. कच्ची फिल्म यायची ती कडेला भोकं नसलेली. ती भोकं घरीच, अंधारात, यंत्रानं पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. फिल्म धुण्याची रसायनं त्या कालवत, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. त्यांचे दागिने आधीच गहाण पडलेले होते. सिनेमाचा धंदा तेव्हा प्रतिष्ठेचा नव्हता, म्हणून कंपनीतली माणसं बाहेर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत' असं सांगत. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यात रोहिदास झाला होता त्यांचाच मुलगा भालचंद्र. आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली मुलगी मंदाकिनी. म्हणजे आपला सिनेमा घरात, आईच्या हाताखाली आणि मुलांच्या संगतीनं जन्मला. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) मुलांना जरूर दाखवा.

आणि इतकं मागं कशाला जायचं? नागराज मंजुळे आपल्याच नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेत जावंसं वाटणाऱ्या एका गरीब मुलाची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तेव्हा घरी मुलांना हा उद्योग करू द्यायचा असेल तर थोड्या सूचना. सगळ्या अनुभवाच्या आहेत.

आधी वही, मग मोबाईल. वहीत सहा चौकोन आखून कोणत्या चित्रानंतर कोणतं ते काढल्याशिवाय मोबाईल हातात द्यायचा नाही. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मोबाईल आडवा धरावा, कोपरं अंगाला टेकवावी. हात हलत असेल तर तांदळाच्या पिशवीत रोवून ठेवावा. छान उभा राहतो.

खिडकी चित्र घेणाराच्या पाठीशी असावी. उलट झालं तर आजीच्या जागी काळी सावलीच येते.

बोलणं घेताना पंखा, टीव्ही, कुकर बंद. प्रश्न एकच विचारावा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. ही गोष्ट मुलांपेक्षा मोठ्यांनाच जड जाते.

चालत्या यंत्राजवळ जायचं नाही. कडबाकुट्टी, गिरणीचा पट्टा, शिलाई मशीन यांचं चित्र लांबून घ्यावं, ओढणी खोचून घ्यावी आणि मोठं माणूस शेजारी असावं.

ज्याचं चित्र घेतलं त्याला आधी विचारावं आणि झाल्यावर त्यालाच पहिल्यांदा दाखवावं. त्याच्या परवानगीशिवाय ग्रुपवर पाठवू नये.

लहान मुलांसाठी फाळक्यांचा वाटाणा उत्तम! वाटाण्याला धीर नसेल तर कुंडीत मेथी पेरा. मोबाईल ठेवायच्या जागी खडूची खूण करा, रोज ठरल्या वेळी एक फोटो. आठ-दहा दिवसांत रोप वर येतं, आणि फोटो भराभर सरकवले की घरातच सिनेमा!

शेवटची सूचना अशी, की सिनेमाचा शेवट आपण मुलांना आधी सांगू नये. ही मात्र मी स्वतः चुकून शिकले.

माझ्या वर्गात पाथर्डी तालुक्यातला एक मुलगा आहे. दसरा-दिवाळी झाली की त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. तो इथे मावशीकडे राहून शिकतो. ऊसतोडीत नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. बाईची वेगळी मोजदादच नाही. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. आपला जिल्हा साखरेचा; प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून उभा राहिलेला सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, हे आपण मुलांना अभिमानानं शिकवतो. पण त्या साखरेमागचा कोयता धड्यात क्वचितच येतो.

या मुलाच्या गटानं विषय घेतला ऊसतोडणीचं यंत्र. वडिलांनी फडावरून मोबाईलवर चाळीस सेकंदांचं चित्रण पाठवलं. शेजारच्या फडात ते अजस्र यंत्र चाललंय, उसाचे तुकडे होऊन गाडीत पडताहेत. माणसांना मोळी बांधायला नको, डोक्यावर वाहायला नको. गुरांसाठी वाढेही हाती लागत नाहीत, तेही तुकडे होऊन उडून जातात. आणि मागून त्याच्या आईचा आवाज, "बघ बाबा, ह्याला पाठच न्हाई दुखायला!"

सगळ्या गटांना मी शेवटचं वाक्य लिहून दिलं होतं: 'अशा रीतीने यंत्रामुळे माणसाचे कष्ट वाचले.' हा मुलगा उभा राहिला. "बाई, हे वाक्य मी बोलणार नाही."

"का रे?"

"कष्ट वाचले तर आईला बरंच आहे. तिची पाठ लई दुखते. पण समदीकडं मशीन आलं तर उचल कोण देणार? माझी फी त्यातनंच जाती."

वर्ग गप्प झाला. खरं सांगते, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पाच फुटी सरी पाडून यंत्राची वाट बघणारा शेतकरी चुकीचा नाही. तोडीला माणसं मिळत नाहीत, ऊस उभा वाळतो, ही त्याचीही अडचण खरी आहे. आणि बाईनं जन्मभर मोळ्या वाहाव्यात असं तरी कोण म्हणेल? आमच्या सासूबाई गिरणीपुढं साखर ठेवतात ते बरोबरच. पण वाचलेले कष्ट कुणाच्या पदरात पडले, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि ठरवताना ज्याची पाठ दुखते त्याला बहुधा कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं ते वाक्य पुसलं. म्हटलं, शेवट तुमचा तुम्ही करा.

पालकसभेच्या दिवशी वर्गाच्या भिंतीवर सगळे सिनेमे दाखवले. त्याचा सिनेमा संपतो तो यंत्राच्या त्या चित्रावर, आणि त्यावर त्याचा स्वतःचा आवाज: "मशीनला पाठ नसते. माझ्या आईला आहे. मशीन आल्यावर माझ्या आईला काय काम देणार, ते आधी सांगा."

टाळ्या वाजायला अंमळ उशीरच लागला. त्याची आई फडावर, सभेला येणार कशी? मावशी आली होती. तिनं डोळे पुसत सिनेमा मोबाईलवरून बहिणीला पाठवला. संध्याकाळी तिकडून निरोप आला, तो मुलानं मला ऐकवला: "माझा आवाज असा येतो व्हय रं?" आणि मागं चार-पाच बायकांचं खळखळून हसणं.

तर मैत्रिणींनो, येत्या रविवारी तासाभरासाठी मोबाईल पोरांच्या हाती द्या आणि त्यांना विचारू द्या: आजीला, गिरणवाल्याला, शेजारच्या शिवणवाल्या काकूंना, आणि तुम्हालाही. उत्तरं थोडी अडचणीची निघतील, तयारी ठेवा. आणि हो, पांढरे शर्ट तेवढे वेगळे धुवा!