"ब्रेक लागत नाहीत" म्हणजे नक्की काय होतंय?

"ब्रेक लागत नाहीत" हे मराठीतलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे. रस्त्यावर ओरडायला ठीक आहे. पण गॅरेजमध्ये जाऊन हे बोलणं म्हणजे टेस्टरने "अ‍ॅप चालत नाही" असा बग टाकून घरी निघून जाण्यासारखं आहे. कुठल्या स्क्रीनवर, काय केल्यावर, दर वेळी की कधीकधी... काही पत्ता नाही. फरक एवढाच की आपण तो बग टेस्टरकडे परत पाठवतो. गॅरेजवाला पाठवत नाही. तो म्हणतो, "ठेवून जा साहेब, संध्याकाळी देतो", आणि काहीतरी बदलून टाकतो.

माझा सगळा राग या "काहीतरी बदलून टाकतो"वर आहे.

निमित्त मेहुण्याची गाडी. 2009 ची डिझेल हॅचबॅक, 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन, टर्बोवाली. (कंपनी सांगत नाही आणि तुम्हाला ओळखूही येणार नाही, कारण फियाटचं हे इंजिन आपल्याकडे फियाट, मारुती आणि टाटा अशा तिघांच्या बॉनेटखाली होतं.) तक्रार अशी: ब्रेक कधी एकदम झकास, तर कधी पेडल चिखलात पाय रुतावा तसं खोल जातं, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की परत वर, टणक. तीन गॅरेजं झाली. पहिल्याने पुढचे पॅड बदलले. दुसऱ्याने मास्टर सिलिंडर बदलला. तिसरा जरा वाचलेला असावा. तो म्हणाला, "टर्बो डिझेल आहे ना, मग व्हॅक्युम पंपच गेला असणार", आणि पंप बदलला. एकूण साडेसोळा हजार. पेडल तसंच.

आता त्या तिसऱ्याचं लॉजिक बघू, कारण तेच जास्त फसवं आहे. कानाला शास्त्रीय वाटतं.

आपल्या पायाच्या जोराला मदत करायला ब्रेक बूस्टर असतो. एक पत्र्याचा डबा, आत रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला व्हॅक्युम, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि हवेचा दाब आपल्याबरोबर ढकलतो. साध्या पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्युम इनटेक मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो. डिझेलमध्ये तसा मिळत नाही, कारण हवा अडवून इंजिन चालवायची तिथे पद्धत नाही. म्हणून वेगळा पंप लागतो. टर्बो पेट्रोलची आणखी वेगळी तऱ्हा: टर्बो जोरात असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युमच्या जागी उलट दाब असतो, म्हणून बूस्टरच्या पाइपमध्ये एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो आणि बऱ्याच गाड्यांत शिवाय पंपही. म्हणजे जुन्या टर्बो गाडीत व्हॅक्युमवर संशय घेणं चूक नाही. पाइप कडक होतात, तडकतात, व्हॉल्व्ह चिकटतो. काही गाड्यांत टर्बोचा अ‍ॅक्चुएटरही त्याच पंपावर चालतो, तिथे एका भोकामुळे पिकअप आणि ब्रेक दोन्हींवर परिणाम होऊ शकतो.

पण! व्हॅक्युम गेला की पेडल कडक होतं. दगडासारखं. दोन्ही पाय घालून उभं राहावं लागतं. मेहुण्याचं पेडल मऊ होतं. ही दोन लक्षणं एकमेकांच्या बरोब्बर उलट आहेत, आणि मराठीत दोघांनाही आपण "ब्रेक लागत नाहीत" म्हणतो. ताप आलेल्या माणसाला अंग गार पडल्याचं औषध दिलं, आणि त्याचे सहा हजार घेतले.

बरं, तपासायला किती खर्च होता? शून्य. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. मग पाय दाबून ठेवूनच गाडी सुरू करा. पेडल थोडंसं खाली गेलं तर बूस्टर आणि व्हॅक्युम ठीक. झाला पंप निर्दोष, अर्ध्या मिनिटात. पुढे, इंजिन चालू असताना पेडल एकसारखं दाबून ठेवा. हळूहळू जमिनीकडे सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत ऑइल सोडतंय. सरकत नसेल तर मास्टर सिलिंडरवर हात टाकण्याआधी दुसरीकडे बघा. आणि पंप केल्यावर पेडल वर येत असेल तर हँडब्रेक दोन-तीन क्लिक ओढून पेडल दाबून बघा. त्याने फरक पडला तर मागच्या ड्रममधले शूज लांब राहिलेत, अ‍ॅडजस्टर अडकलाय. फरक नाही पडला तर लाइनमध्ये हवा, फुगणारे जुने रबरी होज, किंवा पुढे सांगतो ते.

याला आपल्या धंद्यात बायसेक्ट म्हणतात. प्रत्येक चाचणीने अर्धी सिस्टिम संशयातून बाहेर काढायची. बारावीच्या फिजिक्सएवढीच अक्कल लागते. पण तीन गॅरेजांपैकी एकानेही यातली एकही चाचणी केली नाही, कारण चाचणीचं बिल लावता येत नाही. पार्टचं लावता येतं. आणि आपण ग्राहकही असे हुशार की "नुसतं बघायचे तीनशे रुपये?" म्हणून भांडतो आणि न लागणाऱ्या पार्टचे चार हजार मुकाट्याने देतो.

मेहुण्याच्या गाडीत या सगळ्या चाचण्या पास. उभ्या गाडीत काहीच सापडेना. म्हणजे आता एकच प्रश्न: होतं केव्हा? त्याला आठवडाभर मोबाइलवर नोंद ठेवायला लावली. उत्तर मजेशीर निघालं. फडके रोडच्या मुंगीच्या गतीच्या ट्रॅफिकमध्ये कधीच नाही. घरडा सर्कलला जोरात वळून बाहेर पडलं की पहिला ब्रेक खोल. कल्याण-शीळ रस्त्यावर खड्ड्यांचा पट्टा संपल्यावर पहिला ब्रेक खोल. दुसरा नेहमी ठीक. आणि जाता जाता म्हणाला, साठच्या वर गेलं की डावीकडून घूं घूं आवाज येतो, "पण तो टायरचा आहे".

टायरचा नव्हता. जॅकवर घेऊन पुढचं डावं चाक वर-खाली धरून हलवलं तर खडखड. व्हील बेअरिंग ढिलं. बेअरिंग ढिलं असलं की वळणावर, खड्ड्यात डिस्क कलते आणि पॅडना पिस्टनसकट मागे ढकलते. मग पुढचा ब्रेक दाबताना आधी ती फट भरण्यात पेडल वाया जातं, म्हणून खोल. दुसऱ्यांदा फट नसते, म्हणून टणक. इंग्रजीत याला नॉकबॅक म्हणतात. ब्रेक सिस्टिममध्ये बिघाड नव्हताच! बेअरिंग मजुरीसकट सव्वादोन हजारात झालं.

आता "कधीकधी"वाल्या ब्रेकचा सगळ्यात मोठा गुन्हेगार, जो आपल्या भागात घरोघरी आहे: जुनं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि कल्याण-डोंबिवलीच्या हवेत चार महिने दुसरं असतं काय? नवं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की प्रमाणात धरलेला आकडा 140 वर येतो. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. रोज स्टेशनपर्यंत जाणाऱ्याला काही कळणार नाही. पण पावसाळी ट्रिप करून माळशेज उतरताना, गाडीत पाच माणसं, गिअर चौथा आणि पाय सतत ब्रेकवर, तेव्हा कॅलिपरमध्ये वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला. मुरबाडला चहा पिईपर्यंत सगळं गार, पेडल परत ठीक, आणि सोमवारी गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, काहीच प्रॉब्लेम नाही." खरंच नसतो, तेव्हा.

यावर सर्व्हिस सेंटरांचा उपाय काय? "ब्रेक ऑइल टॉप-अप". हा शब्द बिलावर दिसला की माझं डोकं फिरतं. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी उतरते, ती आपल्याला दिलेली सूचना आहे. किंवा गळती आहे, ती त्याहून मोठी सूचना. वरून ओतून पातळी सारखी करणं म्हणजे लॉग पुसून "एरर येत नाही आता" म्हणणं. आणि ओततात कुठलं? महिनाभर उघड्या पडलेल्या डब्यातलं. दोन वर्षांनी संपूर्ण ऑइल बदलायला सीलबंद बाटली आणि तासाभराची मजुरी लागते. गाडीला अलॉय आणि ईसीयू रिमॅप करून घेणारी आमच्या ऑफिसातली पोरं यावर म्हणतात, "गरज आहे का पण?" अरे बाबांनो, पळायची ताकद वाढवलीत, थांबायचं काय?

सरकारही याच माळेतलं. धुराचं पीयूसी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने लागतं. खासगी गाडीचे ब्रेक मात्र नोंदणीनंतर थेट पंधरा वर्षांनी, फेरनोंदणीच्या वेळी बघायचे. मधल्या काळात कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी, जर्मनी-जपानमध्ये पहिल्या तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी, आणि त्यात ब्रेक मशीनवर मोजतात. आपल्याकडे रिक्षा-टॅक्सीला तरी फिटनेस लागतं. चारचाकी घरची असली की तिचे ब्रेक देवाच्या भरवशावर!

असो. मेहुण्याची गाडी ऑइल बदलायला टाकली तेव्हा जॉबकार्डवर मी "ब्रेक चेक करणे" लिहू दिलं नाही. लिहिलं ते असं: "सीलबंद डॉट 4, बाटली माझ्यासमोर उघडायची, चारही चाकांना ब्लीडिंग, जुनं ऑइल बाटलीत भरून मला दाखवायचं. मला न विचारता एकही पार्ट बदलायचा नाही." काउंटरवरच्या मुलाने दोनदा वाचलं आणि आत जाऊन मालकाला बोलावून आणलं. बाटलीतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं.