नौकेचा शेवटचा खर्च कोणाचा?

पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या, शाकारल्या, की यार्डात पाय ठेवायला जागा उरत नाही. नेमक्या याच दिवसांत भिंतीलगत उभी असलेली ती शिडाची नौका डोळ्यांत खुपते. गेल्या हंगामात ती पाण्यात उतरली नव्हती, त्याच्या आधीच्या हंगामातही नाही. डोलकाठी केव्हाच उतरवलेली, कॉकपिटात साचलेल्या पाण्यात डासांची पैदास, वर ताडपत्रीच्या चिंध्या. मालकाचा फोन लागत नाही. लागलाच तर ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. थकलेल्या भाड्यापोटी नौका ताब्यात घ्यावी, तर ती आपल्याच गळ्यात पडणार हे यार्डवाल्याला पक्कं ठाऊक असतं. मग तोही गप्प बसतो आणि नौका तिथेच राहते.

नौका बांधावी कशी यावर आपल्या व्यवसायात तासन्‌तास बोललं जातं. ती मोडावी कशी आणि मोडण्याचे पैसे कोणी द्यावेत, यावर कोणी तोंड उघडत नाही. लाकडाच्या काळात तशी गरजही नव्हती. गलबत थकलं की सुतार फळ्या सोडवायचा, खिळे आणि पितळ तोलून विकलं जायचं, चांगला साग घराच्या तुळयांना लागायचा आणि उरलंसुरलं चुलीत जायचं. मोडण्याचा खर्च मोडलेल्या मालातूनच निघायचा, वर चार पैसेही सुटायचे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ८४ तोफांची ‘गँजेस’ १८२१ साली पाण्यात उतरली आणि १९३० साली इंग्लंडमध्ये मोडली गेली. तिची कप्तानाची केबिन डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या बर्ग आयलंड हॉटेलात बसवली गेली. शंभर वर्षं समुद्रात काढलेल्या सागालाही गिऱ्हाईक होतं.

फायबरच्या सांगाड्याला ते नाही. आपण रोज हाताळतो ते पॉलिएस्टर रेझिन एकदा हार्डनर टाकून कडक झालं की पुन्हा वितळत नाही. तापवलं तर जळतं, पातळ होत नाही. त्यामुळे लोखंडासारखं ओतून नवं काही करता येत नाही, आणि काचेची मॅट त्यातून सोडवून काढायची तर नवी मॅट त्याहून स्वस्त मिळते. भर म्हणजे हे सांगाडे टिकतात फार. १९५० आणि ६० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत फायबरच्या नौका बनू लागल्या, तेव्हा या मालाची खरी ताकद कोणालाच नीट ठाऊक नव्हती. म्हणून बांधणाऱ्यांनी हात राखला नाही, थरावर थर चढवले. त्या पिढीतल्या कितीतरी नौका अजून तरंगतात. शिडं फाटतात, तारा गंजतात, इंजिन बसतं, मालक म्हातारा होतो. सांगाडा मात्र तसाच.

बत्तीस फुटी ‘काँटेसा ३२’ घ्या. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये नाव कमावलेली ही नौका. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने धूळधाण उडवली, तेव्हा सर्वांत लहान वर्गातून शर्यत पूर्ण करणारी एकटी ‘असेंट’ याच जातीची होती. या नौकेचं वजन सुमारे ४.३ टन, आणि त्यातले सुमारे २ टन हे तळाचं वजन, म्हणजे बॅलास्ट. शिडाच्या नौकेचं भंगारातलं मोल असतं ते इथे: बॅलास्टमध्ये, ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत, विंचमध्ये, स्टेनलेसच्या तारांमध्ये आणि चालू असलं तर इंजिनात. कील शिशाची निघाली तर भंगारवाला आनंदाने येतो. हे सगळं तो काढून नेतो, रोख मोजतो, आणि रिकामा सांगाडा आपल्याकडे सोडून जातो.

यार्डवाल्यांना इथे स्पष्ट सांगायला हवं की हा व्यवहार तोट्याचा आहे. शिसं आणि ॲल्युमिनियम विकून येतो तोच पैसा सांगाडा कापून वाहून न्यायला उपयोगी पडणार असतो. तो आधीच खिशात गेला, की उरलेल्या सांगाड्याला कोणी वाली राहत नाही. नौका मोडीत द्यायची तर अख्खी द्या, एकाच माणसाला द्या, आणि सांगाडा कुठे जाणार हे त्याच्याकडून लिहून घ्या. सुट्या भागांचा भाव थोडा कमी आला तरी चालेल.

मोडीत काढायचा खर्च टाळायचा एक लोकप्रिय मार्ग म्हणजे नौका फुकट देऊन टाकणं. जगभर हेच चालतं. मालकाला जागेचं भाडं जड होतं. कुणा हौशी तरुणाला जग फिरण्याची स्वप्नं पडत असतात. ‘घेऊन जा, पैसे नकोत.’ तरुण दोन हंगाम रंग लावतो, मग त्याला कळतं की शिडांचा एक संच आणि नव्या तारा यांच्या किमतीत दुसरी चालती नौका आली असती. तो ती आणखी कुणाला देतो. प्रत्येक हस्तांतरात मालकाची ऐपत कमी होत जाते आणि नौकेची अवस्था वाईट. शेवटचा मालक बहुधा असा असतो की त्याच्याकडून वसूल करण्यासारखं काहीच नसतं. अशा नौका मग खाडीत नांगरावर सोडल्या जातात आणि एखाद्या रात्री पंप बंद पडून बसतात. तरंगती नौका ओढून नेणं आणि बुडालेली चिखलातून वर काढणं यांच्या खर्चात किती तफावत असते, ते हे काम एकदा केलेल्याला विचारावं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने बेवारस नौका काढण्यासाठी २००२ साली स्वतंत्र यंत्रणा उभी केली, तिचा पैसा मुख्यतः नौकांच्या नोंदणी शुल्कातून उभा केला, आणि हजाराहून अधिक नौका उचलल्या. पुढे त्यांनीही शहाणपणाने एक सोय केली: नौका बुडण्याआधीच गरजू मालकाकडून ती सरकारने मोडीत घ्यायची.

खाडीत सोडलेला सांगाडा नुसता पडून राहतो असंही नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चिचेस्टर बंदराजवळच्या कालवांमध्ये आणि शिंपल्यांमध्ये फायबरचे कण सापडल्याचं संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झालं. कालवांत किलोमागे ११,२२० पर्यंत, शिंपल्यांत २,७४० पर्यंत. त्या परिसरात नौकांची ये-जा, दुरुस्ती आणि घासाई मोठी. आपल्याकडे ओहोटीला खडकांवरची कालवं फोडणाऱ्या बायका ज्या खाड्यांत उतरतात, त्याच खाड्यांच्या काठावर आपण ग्राइंडर लावतो. भरतीच्या रेषेवर सांगाडा कापायचा आणि भुकटी पाण्याबरोबर जाऊ द्यायची, ही सवय आधी मोडली पाहिजे. कापाकापी छपराखाली, पाणी मारत, खाली ताडपत्री टाकून. तोंडाला रुमाल बांधून काचेची धूळ अडत नाही. चांगला मास्क लागतो. ट्रिब्युटिल टिनचे रंग जागतिक कराराने २००८ पासून बंद आहेत, पण जुन्या सांगाड्यावर नव्या रंगाखाली ते थर अजून असू शकतात. ती खरवड मातीत जाता कामा नये. आणि उघड्यावर सांगाडा पेटवून देणाऱ्यांविषयी काय बोलावं! रेझिन काळाकुट्ट धूर ओकत जळतं आणि काच तिथेच राहते.

या प्रश्नाचं सर्वांत सरळ उत्तर फ्रान्सने शोधलं आहे. तिथल्या नौका उद्योगाच्या संघटनेने २००९ मध्येच मोडतोडीसाठी ‘आपेर’ ही संस्था काढली होती. १ जानेवारी २०१९ पासून कायद्याने उत्पादकाची जबाबदारी ठरवली आणि काम या संस्थेकडे आलं. अडीच ते चोवीस मीटर लांबीची नौका मालकाने केंद्रापर्यंत आणून द्यायची. वाहतूक त्याची, मोडण्याचा खर्च शून्य. पैसा येतो नव्या नौकांच्या विक्रीवर बांधणारा आणि आयात करणारा भरतो त्या वर्गणीतून, शिवाय नौकांवरच्या वार्षिक कराच्या एका वाट्यातून. म्हणजे नौका विकत घेणारा, ज्याच्याकडे त्या घडीला पैसे असतातच, तो तिच्या शेवटाची तरतूद करून ठेवतो. हजारो नौका या वाटेने गेल्या आहेत. नॉर्वेने दुसरी युक्ती केली: २०१७ पासून जुनी करमणुकीची नौका अधिकृत केंद्रावर आणून देणाऱ्याला उलट १,००० क्रोनर हातात मिळतात. रक्कम मोठी नाही, पण रात्री गुपचूप बुडवण्यापेक्षा दिवसाढवळ्या केंद्रावर जाणं बरं वाटावं इतकी आहे.

फ्रान्सचा उदोउदो करण्याचं मात्र कारण नाही. फायबरमधून पुन्हा मोलाची वस्तू बनवणं त्यांनाही साधलेलं नाही. सांगाड्याचा मोठा भाग इंधन म्हणून जळतो किंवा पुरला जातो. त्यांनी सोडवला तो पैशाचा प्रश्न. तंत्राच्या बाबतीत जपानची वाट आपल्याला जवळची वाटते. तिथल्या नौका उद्योग संघटनेने २००५ पासून फायबरच्या नौका गोळा करून, तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत द्यायला सुरुवात केली. भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला रेझिन जळून उष्णता देतं, आणि काचेतली सिलिका, चुना, ॲल्युमिना हे तर सिमेंटला हवेच असतात. राख वेगळी उरत नाही.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा व्हायची वाट पाहायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ सालीच थर्मोसेट प्लास्टिक आणि एफआरपीच्या विल्हेवाटीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यांत सिमेंट भट्टीचाच मार्ग सांगितला आहे. जहाजतोडणीचा २०१९ चा कायदा आणि २०२५ मध्ये अमलात आलेला हाँगकाँग करार यांच्याकडे बघून उपयोग नाही. तो करार ५०० ग्रॉस टनेजच्या खालच्या जहाजांना लागूच होत नाही, आणि अलंगला आपला तीस फुटी सांगाडा कोणी उभाही करून घेणार नाही.

अडचण भूगोलाची आहे. आपला समुद्र राज्याच्या पश्चिम टोकाला आणि सिमेंटच्या मोठ्या भट्ट्या चंद्रपूरकडे, पूर्व टोकाला. एक अख्खा सांगाडा ट्रकवर चढवला तर ट्रकभर हवाच वाहून न्यायची. त्यामुळे सांगाडे किनाऱ्यावर एका जागी गोळा करून, तुकडे करून, वजनाने ट्रक भरेल तेव्हाच पाठवणं परवडेल. हे एकट्या यार्डाचं काम नाही. चार-पाच यार्डांनी आणि क्लबांनी मिळून एक कापणी यंत्र ठेवायचं म्हटलं तर होण्यासारखं आहे.

भट्टीवाला काहीही घेतो असंही नाही. सँडविच बांधणीत आत पीव्हीसी फोम असेल तर त्यातलं क्लोरीन भट्टीला चालत नाही. बाल्सा लाकूड चालतं. दिवाडीच्या यार्डात बांधलेल्या ‘म्हादेई’सारख्या लाकडी गाभ्याच्या नौकेत लाकूड आणि काच इतकी एकजीव असतात की वेगळी करण्याचा प्रश्नच येत नाही. तुकडे करून जाळणं एवढंच हातात राहतं. पण आत काय आहे हे कळायला कागद हवा. कोणतं रेझिन, कोणता गाभा, बॅलास्ट शिशाचं की लोखंडाचं, कील बोल्टने बसवलेली की सांगाड्यातच ओतलेली, हे बांधणाऱ्याला त्या दिवशी माहीत असतं. चाळीस वर्षांनी कोणालाच नसतं. सांगाड्याचा क्रमांक मोल्डमध्येच उमटवावा आणि बांधणीचं पान नौकेच्या नोंदणीबरोबर जोडावं. याला खर्च जवळपास नाहीच.

‘आपल्याकडे शिडाच्या नौका आहेतच किती?’ असं काही वाचक विचारतील. कमी आहेत, मान्य. क्लबांच्या शेडमागे रचलेल्या जुन्या एंटरप्राइझ आणि ऑप्टिमिस्ट धरल्या तरी कमीच. पण त्या नौकेचा सांगाडा आणि शेजारी उभ्या असलेल्या मासेमारीच्या फायबर होडीचा सांगाडा एकाच मॅटचा, एकाच रेझिनचा. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यांवर मदत म्हणून फायबरच्या होड्यांचा पूर आला होता. त्यांतल्या ज्या टिकल्या, त्या आता वीस वर्षांच्या झाल्या. आपल्या किनाऱ्यावरही लाकूड सोडून फायबरकडे वळलेली पहिली पिढी थकत चालली आहे. यॉटचा मालक निदान खर्च करू शकतो. होडीवाल्या कोळ्याकडून मोडण्याचे पैसे मागायचे कोणत्या तोंडाने? म्हणून जो करू शकतो त्याच्यापासून सुरुवात व्हावी. शिडाच्या नौकांसाठी बसवलेली घडी उद्या होड्यांना उपयोगी पडेल.

आमचं मत असं: नव्या नौकेच्या किमतीत एक टक्का मोडतोड निधी म्हणून बांधणाऱ्याने वेगळा दाखवावा आणि तो एका सामाईक खात्यात जावा. गिऱ्हाईक कुरकुर करेल; शिडाच्या कापडाचा भाव वाढला तेव्हाही करतंच. यार्डांनी भाडेकरारात एक कलम घालावं की ठरावीक मुदत भाडं थकलं आणि लेखी नोटिशीला उत्तर आलं नाही, तर नौका मोडण्याचा आणि तिच्या भंगारातून खर्च वसूल करण्याचा अधिकार यार्डाला राहील. हे कलम वकिलाकडून नीट लिहून घ्या, छापील फॉर्मवर हाताने खरडू नका. आणि जुनी नौका फुकट मागायला तरुण आला, तर त्याला आधी शिडं, तारा आणि जागा यांचा वर्षाचा खर्च कागदावर मांडून दाखवा. तरीही त्याला हवी असेल तर आनंदाने द्या; काही नौका अशाच वाचल्या आहेत.

पुढच्या अंकात या निधीचा कच्चा आराखडा छापायचा विचार आहे. त्यासाठी आकडे हवेत, आणि ते फक्त तुमच्याकडे आहेत. आपल्या यार्डात, क्लबात किंवा गावच्या खाडीत पडून असलेल्या सांगाड्यांची माहिती गणपतीपूर्वी आमच्याकडे पाठवा: लांबी, फायबर की लाकूड, कील आहे की काढलेली, आणि साधारण केव्हापासून पडून आहे. मालकाचं किंवा यार्डाचं नाव छापलं जाणार नाही.