जेवणाची खोली आणि अलंगचं टेबल

मंडळी, उधन्यातल्या आपल्या खानदेशी घरांत जेवणाची खोली फक्त जेवणाची कधीच नसते. सकाळी मुलांचा अभ्यास, दुपारी साड्यांवर स्टोन लावायचं काम, रात्री ताप्ती लाईनने जळगावकडून आलेल्या पाहुण्यांची अंथरुणं. अशा खोलीत काचेचा मोठा डायनिंग सेट हप्त्याने आणून जागा अडवू नये, हे माझं स्पष्ट मत.

त्यापेक्षा भावनगर जिल्ह्यात अलंगला चक्कर मारा. 1983 पासून तिथे जहाजं तुटतात आणि त्यांतलं फर्निचर रस्त्याकाठच्या दुकानांत विकायला येतं. काही टेबलांना कडेने उंच पट्टी असते, जहाज हललं तरी ताट घसरू नये म्हणून. लहान मुलांच्या घरात ती कामाचीच! मात्र जिन्याचं माप घेऊन जा, जोड हलवून बघा, टेम्पोचं भाडं आधी ठरवा.

वरण-बट्टीची पंगत आमच्याकडे अजून जमिनीवरच बसते. गुडघ्यांमुळे सासूबाई आत पलंगावर एकट्या जेवायच्या. आता भिंतीलगतच्या छोट्या टेबलाशी त्या बसतात, समोर आम्ही सगळे. वाढताना हाकही त्याच मारतात, "अजून एक बट्टी घे रे!"

म्हणून सांगते, खरेदीला निघाल तेव्हा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खुर्ची बघा. शोकेस नंतर.